न आलेला आकडा

माझा मित्र मोरेश्वर गेल्याचा फोन त्याच्या बायकोनं, सुनंदा वहिनींनी, स्वतः केला. मी वरठीच्या रेल्वे फाटकावर मोटारसायकल थांबवून उभा होतो. सकाळी क्लासचं शटर उघडतानाच तो कोसळला होता. फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी मला गाडी सुरू करायचं सुचेना...

साकोलीत त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. पन्नाशीला टेकल्यावर त्यानं टाइपस्क्रिप्ट ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायला घेतली, ती त्याच्या दशरथकाकांसाठी. गोसीखुर्द धरणात गाव गेल्यावर काका आणि त्यांचे भाईबंद नदीकाठच्या नव्या वस्तीत राहून लाकडी डोंग्यांतून मासेमारी करत. पावसाळ्यात पाणी कधी चढेल याचा नेम नसे. मी कारखान्यात मोजमापाच्या यंत्रांचं काम करतो, म्हणून वरच्या अंगाला पुलाखाली पाणी मोजणारं यंत्र मी बसवलं. पाणी किती चढलं ते मोबाईलवर दाखवणारं ॲप मोरेश्वरनं करायला घेतलं.

प्रोग्राम चालण्याआधीच ही भाषा तपासून बघते, कुठल्या जागी काय येणार... आकडा, शब्द, की काहीच नाही. आमच्या एका ओळीखाली लाल रेघ हटेना. तिचं म्हणणं, यंत्राकडून इथे कदाचित काहीच आलेलं नसेल. मोरेश्वर वैतागला. आकडा नसेल तर शून्य धर, असं त्यानं लिहून टाकलं. रेघ गेली. पण तो उठला नाही, स्क्रीनकडे बघत बसला.

"शून्य म्हंजे पाणी चढलं नाई," तो हळूच म्हणाला. "यंत्र बंद पडलं तरी आपण शून्यच दाखवून राहिलो. काका डोंगा घेऊन जाईन ना गा."

त्यानं शून्य खोडलं. 'आकडा आला असेल तर' अशी अट घातली आणि हिशेब त्या अटीच्या आत नेला. तिथे रेघ आपोआप नाहीशी झाली. पण आकडा आला नसेल तर काय दाखवायचं, ते लिहीपर्यंत भाषेनं पुढे सरकू दिलं नाही. मग तिथे त्यानं 'माहीत नाही' असं लिहिलं. त्या दिवशी आम्हा दोघांनाही ही तपासणी खऱ्या अर्थानं कळली.

वस्तीत मात्र कुरकुर झाली. आकड्याच्या जागी कधीकधी नुसता नकार दिसतो, असलं ॲप कायले पायजे, असं काकाच म्हणाले. मोरेश्वर सगळ्यांमध्ये जाऊन बसला.

"मले माहीत नसन तं मी माहीत नाई म्हणन," तो म्हणाला. "तवा थांबजा."

त्याच पावसाळ्यात यंत्र गाळानं बंद पडलं. लोक चरफडत काठावर थांबले. दुपारी डोंगे बांधायच्या दगडांवरून पाणी गेलं. मोरेश्वरला हे फोनवर कळलं तेव्हा यंत्र कधी दुरुस्त करतोस, एवढंच त्यानं मला विचारलं.

परवा तेराव्यानंतर पहिल्यांदा वस्तीवर गेलो. आभाळ भरलेलं, डोंगा काठाशी बांधलेला, काका जाळं सांधत बसलेले. आज गेला नाहीत का, म्हणून विचारलं. त्यांनी मांडीजवळचा मोबाईल माझ्याकडे सरकवला. ॲपवर 'माहीत नाही' दिसत होतं.

"मोरूनं थांबाले सांगतलं हाय," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसलो.