सतरा नंबरचा जोड

वारूळवाडीच्या शेडमध्ये आमचे वेल्डिंगमास्तर पोरांना अणुवीज केंद्रातल्या नोकरीसाठी तयार करायचे. स्वतः तिथं पाइप जोडून आलेले. चहाचा कपसुद्धा आधी खालून बोट फिरवून बघायचे, गळत नाही ना.

मी फवारणी पंपाची गळकी स्टीलची नळी घेऊन गेलो. टोमॅटोवर करपा पडलेला, मला घाई. मास्तरांनी जोड दिला, बाहेरून खडू फासला, आतून रॉकेल सोडलं आणि भिंग घेऊन बसले. अर्ध्या तासानं खडूवर मोहरीएवढा ओला ठिपका उमटला. त्यांनी पोरांना हाक मारली, "हा माझा जोड. नापास!" आणि ग्राइंडरनं कापून टाकला.

"मास्तर, थोडं औषध गळंल, त्यात काय?"

"आज औषध हाय, भाऊ. उद्या केंद्रातला पाइप असंल. हात तोच ऱ्हातो."

चौथा जोड आठव्या दिवशी पास झाला. कुणाचं काम ते कळावं म्हणून त्यांनी त्यावर आपला केंद्रातला सतरा नंबर ठोकला. मी नळी लावून फवारलं, पण तोवर करप्यानं रान खाल्लं होतं. मी तडक भांडायला गेलो.

"मास्तर, प्लॉट गेला माझा!"

"लई वाईट झालं." मग भिंग पुसत त्यांनी हळूच विचारलं, "नळी गळती का?"

"नाय."

ते पोरांकडं वळले. "लिवून घ्या."