ओठांतल्या टाचण्या

ती तोंड अर्धंच धुवायची. उजव्या गालावर पाणी, डावा कोरडा. चहा पार गार होऊ द्यायची, मग नळीनं ओढायची. उकाड्यातही दुकानातला पंखा बंद. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायची, "पंख्यानं कागद उडतात." बोलताना ओठांचा उजवा कोपराच हलायचा. हसू आलं तर ते गिळायची. दार वाजलं की आधी मान फिरवायची, मग कोण आलंय ते बघायची. डोक्यावर सुती रुमाल. तो डाव्या गालावरून घ्यायची, पण गालाला टेकू द्यायची नाही. दोन चाप लावून आडोशासारखा उभा केलेला असायचा.

मी तिच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. हे सगळं रोज दिसत होतं. मला वाटायचं, बाई जरा तऱ्हेवाईक आहे.

बाजारात तिला टाचणीबाई म्हणतात. मी मावशी म्हणते. कपडा अंगावर बसवताना ती टाचण्या ओठांत धरते. एकेक काढते, लावते. किती उरल्या ते बघावं लागत नाही, ओठांना कळतं. त्यामुळे माप चालू असताना ती बोलू शकत नाही. बायका मात्र बोलतात. सुनेचं, साहेबाचं, न झालेल्या लग्नाचं. ती नुसतं "हं" करते. शेवटची टाचणी निघाली की एक वाक्य बोलते. त्या एका वाक्यासाठी बायका धडधाकट कपडेही उसवून आणतात, असं तिचे यजमान म्हणतात. ते शाळेची बस चालवतात. तोंडाळ माणूस. बायकोला सरकार म्हणतात.

माझ्या कोटाचं पहिलं माप होतं त्या दिवशी मी स्टुलावर उभी होते. ती माझ्या खांद्यापाशी, ओठांत टाचण्या. कोणीतरी दार ढकललं, चुकीचं दुकान म्हणून परत ओढून घेतलं. तेवढाच काय तो वारा आत आला.

तिचा हात माझ्या बाहीवर थांबला.

डोळे गच्च मिटले. डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, एकाच डोळ्यातून. चेहरा दगडासारखा. ओठ तसेच, टाचण्या तशाच. तिला तोंड उघडता येत नव्हतं आणि मिटताही येत नव्हतं. मी टाचण्या काढायला हात पुढे केला. तिनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की मी ओरडले असते.

मग ते गेलं. आलं तसं गेलं. तिनं एकेक टाचणी तळहातावर काढली आणि तळहाताकडे बघत राहिली.

"एक कमी आहे," ती म्हणाली.

मी खाली उतरले. लोहचुंबक घेऊन फरशीवर रांगले. मशीनखाली, चिंध्यांच्या पोत्यामागे. ती खुर्चीत बसून होती. गळ्यावर दोन बोटं. थुंकी गिळायची आणि थांबायची. परत गिळायची. स्वतःच्या घशाला कान लावून बसलेलं माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

टाचणी सापडली. रुमालाच्या काठात, गळ्यापाशी अडकलेली.

"आज रुमालात सापडली," ती म्हणाली. शेवटच्या टाचणीनंतरचं वाक्य.

मग तिनं सांगितलं. दोन वर्षं चाललं होतं. विजेची तार गालाला लावावी तसं. वारा लागला, पाणी लागलं, घास चावला की. कधी काही न करताही. आधी दाताचं दुखणं म्हणून दोन दाढा काढल्या. दाढा चांगल्या होत्या. "चोर सोडून संन्याशाला फाशी," ती म्हणाली. मग एका डॉक्टरनं ओळखलं, चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे. गोळ्या सुरू झाल्या. कळ बोथट झाली. हातही बोथट झाले. एकाचे दोन दिसायचे. मुख्याध्यापिकाबाईंच्या जॅकेटला तिनं दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

"दोन्ही हातांनी डावखुऱ्या असतील बाई," यजमान म्हणाले होते. ती हसली नव्हती. तिनं जॅकेट उसवून परत शिवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी गोळी निम्मी केली होती. त्याच दिवसांत माझं माप आलं.

त्या दिवसानंतर डॉक्टरांनी गोळी वाढवली. ती मशीनवर पेंगायला लागली. एका दुपारी सुई तिच्या नखातून आरपार गेली. ती नुसती बघत राहिली. "हे दुखलं तर बरं वाटलं," म्हणाली. "निदान कुठं दुखतंय ते दिसत तरी होतं."

मोठ्या दवाखान्यात मीही गेले. वाचून समजून घ्यायला कोणीतरी हवं, म्हणून यजमानांनी मला नेलं. मी साहित्य शिकले आहे. तिथं त्याचा उपयोग शून्य होता.

डॉक्टर तरुण होत्या, शांत होत्या. म्हणाल्या, आता दोन वाटा आहेत. पहिली सोपी. गालातून सुई घालायची, नस थोडी जाळायची. एका दिवसात घरी. कळ बहुतेक जाते. पण त्या बाजूचा गाल, ओठ बधिर होतील, कदाचित कायमचे. दुसरी मोठी. कानामागे कवटीला भोक पाडायचं. आत एक रक्तवाहिनी नसेला चिकटली आहे, ठोक्यागणिक तिच्यावर आपटते आहे. दोघींना बाजूला करायचं आणि मध्ये मऊ पॅड ठेवायचं. चेहरा शाबूत राहतो. पण शस्त्रक्रिया डोक्यातली. त्या कानाचं ऐकू येणं जाऊ शकतं. क्वचित त्याहून वाईटही होतं.

टाचणीबाई ऐकत होती. मग उजव्या कोपऱ्यातून बोलली, "म्हणजे कापड टोचतंय. तुम्ही अस्तर लावणार."

डॉक्टर हसल्या. "हो. अस्तरच."

"टिकतं?"

"बऱ्याच जणांचं टिकतं. काहींचं परत येतं."

"अस्तराचं तसंच असतं," ती म्हणाली.

परतताना यजमान रिक्षात मागं बसले. बस चालवणारा माणूस मागच्या सीटवर बसला की आधीच अर्धा होतो. ते पाव झाले होते.

घरी मावशीची नणंद आलेली होती. तिनं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, सुईनं काम होतंय तर कुऱ्हाड कशाला? गाल बधिर झाला तर झाला. गालाशी काय काम आहे तुला या वयात?"

"ओठाशी आहे."

"टाचण्या ना? मनगटाला खोचायची उशी बांध! सगळं जग बांधतं."

"बांधून बघितली. हात थांबतो. मध्येच खाली बघावं लागतं. माप हलतं."

"माप हललं तर जग बुडत नाही."

टाचणीबाईनं रुमालाचा चाप काढला, परत लावला. "ओठ बधिर झाले आणि सवयीनं टाचणी तोंडात गेली, तर मला ती पोटात कळेल. आणि सवय जाणार नाही, ताई. हात कापून दिला तरी जाणार नाही. मला माझं तोंड माझं हवंय."

"आणि डोक्यात काही झालं म्हणजे?" नणंदेनं हे भावाकडे बघत विचारलं.

यजमान उठले, बेसिनपाशी गेले आणि आधीच स्वच्छ असलेला कप धुवायला लागले. बराच वेळ पाणी वाहत होतं. टाचणीबाई त्यांच्या पाठीकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "सुई घेऊ का मग? तुम्ही सांगा."

नळ बंद झाला.

"मी काय सांगू, सरकार," ते म्हणाले. वळले नाहीत. "सुई तुमची, कापड तुमचं. मला फक्त दुकान बंद झालेलं बघायचं नाही."

हे बोलणं दुकानाबद्दल नव्हतं. नणंदेलाही ते कळलं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी टाचणीबाईनं माझा अर्धवट कोट खुंटीला लावला, त्यावर चादर टाकली. मला म्हणाली, "तुझा घेर राहिलाय. दुसऱ्या कुणाकडे देऊ नकोस. लोक पाठीमागं उगाच उतार देतात." बस्स. निरोप असा एवढाच.

बाहेर बाकावर आम्ही तिघं बसलो. यजमानांच्या मांडीवर तिचा रुमाल होता. ते त्याची घडी घालायचे, उलगडायचे, परत घालायचे. चारी टोकं जुळल्याशिवाय हात थांबायचा नाही. जुळली की उलगडायचे. नणंद पुटपुटत होती. समोरचं दार उघडायचं, दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारायचं आणि मिटायचं. दर वेळी आम्ही तिघंही अर्धे उठायचो.

शेवटी डॉक्टर आल्या. टोपीची रेघ कपाळावर उमटलेली. "चिकटली होती, चांगलीच," त्या म्हणाल्या. "सोडवली. पॅड बसलंय. आता शुद्धीवर येऊ देत."

यजमानांनी रुमाल तोंडावर धरला. त्यांचे खांदे हलत होते. नणंद त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "पुरे, बसवाल्या, लोक बघतायत." ती स्वतःही रडत होती.

टाचणीबाई जागी झाली ती ओकाऱ्या काढतच. डोक्याला पट्टी, डोळे उघडले की खोली फिरायची. मान हलत नव्हती. सिस्टर कापसाचा बोळा घेऊन आली, गालावरून फिरवला. "कळतंय का, आजी?"

"आजी कुणाला म्हणतेस? कळतंय."

"इथं? ओठावर?"

"कापसाचं काय कळायचं. टाचणी आण."

सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, त्या शिंपीण आहेत. तिला काही उलगडा झाला नाही, पण ती हसली. ओठ शाबूत होता.

डाव्या कानात मात्र कापूस कोंबल्यासारखं झालं होतं. थोडं परत येईल, डॉक्टर म्हणाल्या, सगळं येईलच असं नाही. "चालेल," टाचणीबाई म्हणाली. "ताईंना त्या बाजूला बसवत जा." नणंद उजव्या बाजूला बसली होती. तिला ते स्वच्छ ऐकू गेलं.

मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं.

घरी आल्यावर जखम भरली, चक्कर कमी झाली, मागचे केस काट्यासारखे उगवले. कळ एकदाही आली नाही. आणि ती अजून अर्धंच तोंड धुवायची. चहा अजून गार, नळी अजून पेल्यात. रुमाल अजून चापांवर उभा. दार वाजलं की मान अजून आधी वळायची. डॉक्टर म्हणाल्या होत्या, सगळं करा. यजमान म्हणाले, "सरकार, टोस्ट खाऊन बघा, डाव्या बाजूनं. एकच." तिनं टोस्ट हातात घेतला, बघितला आणि चहात बुडवला.

"घरात साप होता," ती मला म्हणाली. "आता नाही म्हणतात. पण पलंगाखाली पाय तू सोडशील?"



थंडी पडायला लागली तेव्हा तिनं दुकान उघडलं. पहिला माझा कोट. चादर काढली, झटकली. मी स्टुलावर चढले. ती खाली चटईवर बसली, घेरापाशी. टाचण्यांची डबी उघडली. थोडा वेळ नुसती बघत होती. मग एक टाचणी ओठांत ठेवली. थांबली. दुसरी. थांबली. तिसरी. मी वर भिंतीकडे बघत होते. खाली बघायचा धीर नव्हता.

घेराच्या मागून सुरुवात झाली. तिचा हात आधीसारखा चालायला लागला. काढ, लाव, सरक. मला बोलणं भाग होतं, म्हणून मी नोकरीचं, साहेबाचं काहीबाही सांगत होते. ती "हं" म्हणाली. तिचं "हं" इतक्या महिन्यांनी ऐकत होते. ती उजवीकडून फिरत पुढं आली. डावी बाजू तेवढी उरली होती.

दार सताड उघडलं. कुणी आलं नव्हतं. वाऱ्यानंच उघडलं होतं. कापड बेतायचे कागद मेजावरून उडाले, रुमालाचा एक चाप निसटला, रुमाल मागं गेला आणि गार वारा सरळ तिच्या डाव्या गालावर आला.

तिचा हात थांबला. डोळे मिटले. मला फक्त तिचे ओठ दिसत होते आणि त्यांतल्या टाचण्यांची टोकं.

कागद खाली बसेपर्यंत आम्ही दोघी तशाच होतो.

मग तिनं डोळे उघडले. डावा कोरडा होता. तिनं टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या. सगळ्या होत्या. झाकण लावलं. गालाला हात लावला, पूर्ण तळहात. उठली. दुसरा चाप काढला आणि रुमाल मशीनवर टाकला.

"मावशी?" मी म्हटलं.

मी तिच्या डाव्या कानाच्या बाजूला होते. तिला ऐकू आलं नसावं.

ती रस्त्यावर गेली. काचेतून दिसत होती. पुलाकडे जाणाऱ्या वळणावर ट्रक वळतात, तिथं वारा सगळ्यात जास्त असतो. ती तिथं कडेला उभी राहिली, वाऱ्याकडे तोंड करून. एक ट्रक गेला. तिचे अर्धवट वाढलेले केस उभे राहिले. ती हलली नाही. मग दुसरा गेला.

मी स्टुलावर. गुडघ्याभोवती टाचण्याच टाचण्या. बसता येईना, उतरता येईना. यजमान बस लावून आत आले, मशीनवरचा रुमाल बघितला आणि जागीच थांबले.

"सरकार कुठंय?"

मी वळणाकडे बोट केलं. ते दारात गेले. बघत राहिले. हाक मारली नाही.

कोटाची डावी बाजू तशीच लोंबत होती.