मत नसलेले महासचिव

आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, सर नुसते चहाला आले तरी सभा भरल्यासारखं वाटायचं. साखर किती, असं विचारलं की म्हणायचे, आधी घरातल्यांचं एकमत होऊ द्या. आंजी गावच्या शाळेत उभा जन्म नागरिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि बोरगाव मेघेला आमच्या शेजारी राहायला आले. विद्यार्थी सुटले, आम्ही सापडलो. लोक त्यांना तोंडावर सर आणि पाठीमागे महासचिव म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

सुरुवात झाली ती नालीवरून. सांडपाण्यापायी दोन घरांमध्ये फावडी निघाली, एकाचं डोकं फुटलं, तेव्हा सरांनी सगळ्यांना बुद्धविहाराच्या ओट्यावर आणून बसवलं. महायुद्धानंतर जगातले देश असेच एकत्र बसले होते, म्हणाले, आपलं नालीवरच भागलं. मग जगाच्या संघटनेची घडी त्यांनी जशीच्या तशी आमच्यावर बसवली. सनद लिहिली. आमसभेत प्रत्येक घराला एक मत, घर स्लॅबचं असो की टिनाचं. वर्गणी मात्र ऐपतीप्रमाणे. सगळ्यात आधी बांधलेल्या पाच घरांना कायमचं सभासदत्व आणि नकाराधिकार, म्हणजे पाचातला एक जरी नाही म्हणाला तरी ठराव बाद. महासचिवाला काम सगळं, मत नाही.

हा नकाराधिकार मला पहिल्या दिवसापासून खुपायचा. पाचातले एक ठेकेदारभाऊ. सगळ्यात मोठी वर्गणी त्यांचीच. त्यांना कशाला डोक्यावर बसवता, असं मी विचारलं, तर सर म्हणाले, "ताई, नाई देला तर तो घरीच बसन, अन् पैसेबी घरीच बसतीन. भांडाले तरी माणूस समोर पाह्यजे ना."

ठेकेदारभाऊ वर्गणीच्या वरही पैसे द्यायचे, पण कशासाठी ते स्वतः ठरवून. त्यामुळे आमची नाली फुटकी आणि कमान नवीकोरी होती. कमानीवर त्यांच्या वडिलांचं नाव. मोठे देशही आपल्या आवडीच्या कामालाच जास्त देतात, असं सर कौतुकाने सांगायचे. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसायचं नाही.

एका उन्हाळ्यात मागच्या ओळीतल्या टिनाच्या घरांचे नळ कोरडे पडले. सामाईक बोअरचं पाणी तिथपर्यंत न्यावं, असा ठराव आला. सगळ्यांनी हात वर केले, ठेकेदारभाऊ नाही म्हणाले. ती माणसं मागून आलेली, आपलंच पाणी संपेल, हे त्यांचं म्हणणं. ठराव बाद. स्वतःच्या सनदेत सर असे अडकले की मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. नियम मोडा, असं सगळे म्हणाले. त्यांनी मोडला नाही. घरी गेले आणि स्वतःच्या बोअरची रबरी नळी भिंतीवरून मागच्या ओळीत सोडली.

पुढे मुलाने त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं आणि घर विकलं. नवा मालक नळी ठेवणार नव्हता. जाण्याआधीच्या सभेत सरांनी तोच ठराव पुन्हा मांडला. पाचातल्या बाकी चौघांनी हात वर केले. ठेकेदारभाऊ सतरंजीचे धागे उपटत बसले. मागच्या ओळीतल्या बाया ओट्याखाली उभ्या राहून त्यांच्याकडेच बघत होत्या.

"भाऊ, नाई म्हणून राह्यले का?" सरांनी विचारलं.

"मी काई बोलूनच नाई राह्यलो."

"मंग तटस्थ. तटस्थ म्हणजे नकार नाई. ठराव मंजूर." सर एका दमात बोलले आणि भाऊंनी तोंड उघडायच्या आत सभा संपवली. जगाच्या सभेतही हीच रीत आहे, असं त्यांनी मला बाहेर येऊन सांगितलं.

पाइपलाइन मागे गेली, सरही पुण्याला गेले. मागच्या ओळीत आता पाणी येतं. ठेकेदारभाऊ प्रत्येक सभेला येतात, निम्म्या ठरावांना नाही म्हणतात आणि आम्ही त्यांच्याशी मनसोक्त भांडतो. सरांच्या जागेसाठी दर सभेत नाव मागवलं जातं आणि दर सभेत सगळे खाली बघतात. काम सगळं आणि मत नाही, असलं पद आमच्यात कोणालाच नको आहे. मलाही नको. मला सर हवे आहेत.