टबातला लाल चिमटा

फरशीवरून घासत जाणाऱ्या प्लास्टिकच्या टबाचा आवाज तसा कर्कशच; पण गेले काही महिने परदेशातल्या, बेडोक उपनगरातल्या या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्याच्याइतके जिवंत दुसरे काही नव्हते. माझी सहा वर्षांची नात ईरा कपडे वाळत घालायचे चिमटे त्या निळ्या टबात बसवते आणि स्वयंपाकघराच्या बंदरातून जहाज सोडते. सोफ्यापाशी ब्राझील, पुस्तकांच्या कपाटापाशी आफ्रिका. हिरवा चिमटा कॅप्टन. लाल चिमटा तिचा बाबा, म्हणजे माझा मुलगा निखिल, जहाजावरचा इंजिनिअर.

निखिल दूरच्या समुद्रात, इंजिनरूममध्येच, हृदय थांबून गेला. ईराला खालच्या मजल्यावरच्या मराठी कुटुंबाकडे ठेवून मी आणि सून मेघना पुण्याला गेलो, अंत्यविधी केले आणि परतताना विमानातच प्रश्न उभा राहिला : पोरीला सांगायचे काय? उत्तर मीच दिले. बाबाचे कॉन्ट्रॅक्ट वाढले आहे, असे सांगू. जहाजावर जाणाऱ्यांच्या घरात हे वाक्य किती सहज खपते! सहा महिन्यांचे आठ होतात, आठाचे नऊ. आमच्याकडची मुले त्या वाक्यावरच वाढतात.

आणि हे सुचवणारा मी कोण? पुण्याच्या महाविद्यालयात तीस वर्षे बालमानसशास्त्र शिकवून निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आलेला माणूस. बालमनोविश्लेषणाची अनवट वाट आरंभी तुडवणाऱ्या एका विदुषीचे ग्रंथ मी इतके वाचले होते, की घरात तिला आम्ही नुसते ‘बाई’ म्हणत असू. आज बाई काय म्हणाल्या, असे निखिल लहानपणी मला जेवताना चिडवायचा. मोठ्यांच्या बोलण्याला द्यावा तेवढाच कान मुलाच्या खेळाला द्यावा, हे मी बाईंकडून शिकलो. मूल सर्व अंगांनी एकाच गतीने वाढत नाही, हेही त्यांचेच. बुटाची नाडी बांधता न येणारे पोर घरातले दुःख मात्र जाणत्यासारखे उचलू पाहते, असे उदाहरण मी वर्गात देत असे. सल्ल्याला येणाऱ्या पालकांना तर मी बजावून सांगे, की मृत्यू लपवू नका. दुसऱ्याच्या घरातले मरण किती सुबोध असते!

इथे खिडकीबाहेर बांबूच्या काठ्या काढून त्यांवर कपडे वाळत घालतात. निखिल घरी आला की त्याचा इंजिनरूममध्ये घालायचा अंगभर नारिंगी बॉयलरसूट धुऊन त्या काठीवर चढायचा, आणि चिमटे लावण्याचा मान ईराचा. पुढे सुट्टीभर तो अधूनमधून तिथेच झुलत असे. शाळेतून येताना खालूनच तो रंग दिसला, की ईरा माझा हात सोडून लिफ्टकडे धावत सुटायची.

मागच्या आठवड्यात जहाजावरून त्याच्या सामानाचे खोके आले. मेघना त्या दिवशी घरून काम करत होती. जहाजावरचे कपडे आधी धुवायचे, ही तिच्या संसाराची रीत. हातांनी ती पाळली. मनाला विचारले नाही. दुपारी ईराला शाळेतून घेऊन मी इमारतीच्या कोपऱ्यावर वळलो आणि मान वर केली. तो बॉयलरसूट बाराव्या मजल्यावर, वाऱ्याने भरून, दोन्ही हात हलवत होता. ईरानेही वर पाहिले. बराच वेळ पाहिले. ती धावली असती तर मी काय केले असते, कोण जाणे! पण ती धावली नाही. माझे बोट घट्ट धरून लिफ्टपर्यंत चालत आली.

घरी येताच टब निघाला. ब्राझील झाले, आफ्रिका झाली, जहाज स्वयंपाकघरात परतले. एकेक चिमटा बंदरावर उतरला. लाल तेवढा टबाच्या तळाशी राहिला. तीस वर्षे जे शिकवले ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. कुरकुरत्या गुडघ्यांनी फरशीवर बसलो आणि विचारले, बाबा उतरला नाही का?

“बाबा कॅनॉट, लाह,” ती टबात बघतच इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, म्हणजे त्याला उतरता येत नाही. मग आतल्या खोलीच्या दाराकडे पाहून आवाज अगदी खाली आणला. “आबा, आईला सांगू नकोस हं. तिला वाटतं कॉन्ट्रॅक्ट वाढलंय.”

ज्या असत्याच्या आडोशाला आम्ही तिला बसवले होते, तोच आडोसा ती आपल्या आईवर धरून उभी होती. एकटी, किती महिने?

मी मेघनाला हाक मारली. तिने मीटिंग अर्धवट सोडली. तिघे टबाभोवती बसलो आणि मेघनाने मुलीला सारे स्पष्ट शब्दांत सांगितले. ईरा आईच्या कुशीत रडली. रडता रडता, बाबाला फार दुखलं का, असे तिने विचारले. एवढाच प्रश्न तिच्यापाशी होता, आणि तो विचारायला आम्ही तिला कुणी माणूस ठेवला नव्हता. मला ठाऊक होते तेवढे खरे मी सांगितले.

हे लिहितो आहे तोवर टब पुन्हा निघाला आहे. लाल चिमटा आता त्यात नसतो. ईराने तो खिडकीच्या गजाला लावला आहे, जिथून इमारतींच्या फटीत समुद्राची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर नांगरलेली जहाजे दिसतात. त्याच्यासमोर टब थांबतो, तोंडाने एक लांब भोंगा होतो, आणि खरखराट पुढे सरकतो. मी बाईंचे पुस्तक मिटतो आणि ऐकत राहतो.