शर्मिलाने न सांगितलेलं आडनाव

कसबा पेठेत सुहासिनीकाकूंकडे खोली घेताना शर्मिलाने नाव सांगितलं, "शर्मिला बाबुराव."

"आडनाव घरी विसरलीस का?" काकू म्हणाल्या.

"आम्ही वडिलांचंच नाव लावतो."

आधीच्या तीन घरांत आडनाव ऐकून 'कळवतो' म्हणाले होते. कळवलं कुणीच नव्हतं. हडपसरच्या आयटी कंपनीत ती दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची आणि घरी आल्यावर स्वतःचं बोलणं तपासायची. जिन्यात काकूंची चप्पल वाजली तरी फोनवरचं बोलणं आवरतं घ्यायची.

म्हणून अकोल्याहून वडील आले तेव्हा तिने रिक्षातच बजावलं, "बाबा, इथे जयभीम नका घालू. नुसतं नमस्कार म्हणा."

बाबुराव निवृत्त मास्तर. रस्त्याकडे बघत म्हणाले, "बरं."

नमस्कार त्यांनी नीट केला. पण काकूंच्या हातात वर्तमानपत्र होतं. "मास्तर, हे दलित-दलित रोज छापतात. म्हणजे नेमकं काय हो? जात आहे का ती?"

शर्मिला मनात म्हणाली, बाबा, माहीत नाही म्हणा! पण जन्मभर फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस प्रश्न सोडणार कसा?

"जात नव्हे, बाई. संस्कृतातला 'दल्' धातू आहे. दल् म्हणजे फोडणं, चिरडणं. दलित म्हणजे चिरडला गेलेला. बाकीची नावं लोकांनी शिवी द्यावी तशी दिली. या शब्दात चिरडणाराही दिसतो, म्हणून आमच्या लोकांनी तो स्वतःहून उचलला. काहींना तोही नको वाटतो, ते..."

"आमच्या?" काकूंनी चष्मा काढला.

बाबुराव थांबले. लेकीकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

काकू शर्मिलाला म्हणाल्या, "उद्यापासून पाणी मी भरेन."

पहाटे नळ आला की घरातले हंडे शर्मिलाच भरायची. पोरगी गुणाची, असं काकू शेजारणींना कौतुकाने सांगायच्या.

"का हो काकू?" शर्मिलाने विचारलं.

"तुला ऑफिसची घाई असते."

"उद्या रविवार आहे."

काकूंनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली. "महिनाअखेरपर्यंत राहा. पुढे माझा भाचा येणार आहे."

त्या आत गेल्या. बाबुराव पुटपुटले, "चुकलं गं माय माझं."

"अर्थ बरोबर सांगितलात, बाबा."

पुढच्या घरी आडनाव आधीच सांगायचं, तिने ठरवलं. आणि ते एकदा हळूच स्वतःशी म्हणून बघितलं.