पिसाऱ्यातले काटे

शिळ्या बियरचा वास आला की अजूनही मला पेडण्याच्या किनाऱ्यावरचा तो झावळ्यांचा शॅक आठवतो.

माझे बाबा लाकडावर नक्षी कोरायचे. मये गावातल्या एका घराच्या दारासाठी त्यांनी फणसाच्या फळीत मोर कोरला होता, बारीक पटाशीने, पिसापिसावर जीव लावून. पुढे ते घर विकलं गेलं. त्या दुपारी आम्ही दोघं शॅकमध्ये चहाला थांबलो, तर तोच मोर समोर टेबल होऊन आडवा पडलेला. गिऱ्हाईक नुकतंच उठलं होतं. पिसाऱ्यात बांगड्याचे काटे, चिकट बियर, आणि मोराच्या डोळ्यात विझवलेली सिगारेट. मला शिसारी आली.

बाबा उठले. फडकं मागून घेतलं आणि काडीने एकेक पीस कोरून साफ करू लागले.

मालक हसला. "काका, कामाक रावता काय आमच्याकडे?"

"काम कधीच केलंय रे," बाबा म्हणाले. "आता पुसतोय."

यांना किळस कशी येत नाही, असं तेव्हा वाटलं होतं. पण घरी येऊन ते कितीतरी वेळ साबणाने हात धूत राहिले आणि जेवले नाहीत. त्यानंतर त्यांनी मोर कधी कोरला नाही.