कमळातला क

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशिंदच्या घरी गॅलरीत पेपर चाळत बसलो होतो. फोन त्याच्या पुतण्याचा. "सर, आमचा मधूकाका गेला. सकाळीच." मी सुन्न झालो, आणि अशा वेळी माणूस जे विचारतो तेच विचारून बसलो, "शेवटी काही बोलला का रे?" तो बिचारा हळूच म्हणाला, "सर, तो कुठं बोलत व्हता..." फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. चार वर्षांपूर्वी त्याचं स्वरयंत्र काढलं होतं, आणि ऑपरेशनच्या वेळी मीच बाहेरच्या बाकावर बसलो होतो. पण मधुकर पष्टे म्हटलं की अजूनही मला आधी त्याचा आवाज आठवतो, मग चेहरा. त्याला मी काय करणार...

आम्ही दोघे मुरबाडहून म्हशाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका शाळेत शिकवायचो. मी गणित, तो विज्ञान. नव्वद सालानंतरचा तो काळ. मधूच्या घरची भातशेती, बायको सुमन शेतात राबणारी, मूलबाळ नाही. शाळेतली पोरं हेच त्याचं सगळं. रविवारी सकाळी तो शाळेच्या व्हरांड्यात मोठ्या पोरांना जमवायचा. या वर्गाला ना फी होती ना परीक्षा. पहिल्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून, समोरच्याच्या डोळ्यांत बघत स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, एवढाच धडा. ऐकायला सोपं वाटतं, पण आमच्याकडच्या पोरी तेवढ्यानेच रडकुंडीला यायच्या. मधू त्यांना सांगायचा, "कोणाशी शर्यत लावू नका. कालच्या स्वतःपेक्षा आज बोटभर वाढा. वर्षाला किती होतील मोजा." पोरं त्याला मागून 'बोटभर सर' म्हणायची. ते त्याला ठाऊक होतं आणि आवडतही होतं. आवाज असा, की व्हरांड्यात बोलला तर रस्त्यापलीकडे पेरणी करणारा माणूस क्षणभर थांबून ऐकायचा.

मग शाळेत पहिला संगणक आला. हळदकुंकू लावून, नारळ फोडून तो मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवला गेला आणि त्यावर प्लास्टिकचं आवरण चढलं. पुढचे काही महिने त्या आवरणावर फक्त धूळ बसत राहिली. बिघडला तर जबाबदार कोण, या भीतीने कोणी हात लावीना. मधूने शहापूरला संगणकाचा एक क्लास गाठला. चाळिशी ओलांडलेला हा माणूस सुट्टीत, मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या शेजारी स्टुलावर बसून शिकला, आणि शाळा उघडली त्या दिवशी आवरण काढून त्याने ते घडी करून सरळ कपाटात टाकलं. पोरांना म्हणाला, "यंत्राला घाबरू नका रे. तेच तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेलं असतं. तुम्ही सांगेपर्यंत त्याला काय करायचं तेच कळत नाय." त्या घोळक्यात सुगंधा नावाची एक मुलगी होती. रविवारच्या वर्गात स्वतःचं नाव सांगायला तिने तीन आठवडे घेतले होते. कळफलकावर तिने पहिल्यांदा ते नाव उमटवलं आणि पडद्याकडे बघत राहिली. पुढे ती कल्याणला शिकली, पुण्यात एका कंपनीत लागली. मधू तिचं पत्र खिशात घेऊन महिनाभर फिरत होता.

त्याचा घसा बसायला लागला तो या सगळ्या धावपळीत. तेव्हा तालुक्यातल्या दुसऱ्या शाळाही त्याला बोलवायच्या. बोलून बोलून बसला असेल म्हणत त्याने ज्येष्ठमध चघळलं, मध-हळद घेतली, आणि बसक्या आवाजात भाषणं चालूच ठेवली. "डॉक्टरला दाखव," असं मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. शेवटी गिळताना कानात कळ येऊ लागली तेव्हा मुंबईला गेला. गाठ इतकी वाढलेली, की डॉक्टरांनी एकच मार्ग सांगितला. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी त्याच्या खाटेशी बसलो होतो. उद्यापासून आवाज नाही, तेव्हा आज हा काहीतरी मोठं बोलेल, असं मला वाटत होतं. आयुष्यभर शब्दांवर जगलेला माणूस तो. पण त्याला काही सुचेचना. खूप वेळाने म्हणाला, "सुमन, भात झोडून झालं का गो?" वहिनी म्हणाल्या, "अर्धं ऱ्हायलंय." "बरं," तो म्हणाला. त्याच्या स्वतःच्या आवाजात मी ऐकलेलं हे शेवटचं बोलणं.

ऑपरेशननंतर गळ्याच्या खालच्या खळगीत एक भोक, तिथूनच श्वास. त्यावर वहिनींनी शिवलेला मलमलचा चौकोनी तुकडा. नाकातून हवा जात नसल्यामुळे वासही गेला. नवा तांदूळ शिजत असताना त्याने पाटीवर लिहिलं, 'मला वास येत नाही', आणि पाटी माझ्यापुढे धरली. आता तो सगळं पाटीवरच लिहायचा. मी वाचायचो, पुतण्या वाचायचा. वहिनी पाटीकडे बघून मान हलवायच्या आणि कामाला लागायच्या. मला त्यात कधी काही खटकलं नाही.

सुगंधाला कळलं तशी ती पुण्याहून धावत आली. येताना तिने परदेशातून मागवलेलं एक यंत्र आणलं, बॅटरीसारखं दिसणारं. गळ्याला टेकवून बटण दाबलं की ते गुणगुणतं, आणि त्या गुणगुणीला ओठांनी, जिभेने शब्दांचा आकार द्यायचा. निघणारा आवाज माणसाचा वाटत नाही. सपाट, एकसुरी. वहिनी पहिल्यांदा ऐकून चुलीपाशी सरकल्या. "डब्यात भुंगा कोंडल्यावानी वाटतंय," म्हणाल्या. पण मधू हरखला. दोन महिने त्याने खपून सराव केला, आणि एक दिवस शाळेत माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

तेव्हा मुख्याध्यापकपदाचा कार्यभार माझ्याकडे होता. बक्षीस समारंभाला दरवर्षी भाषण मधूचं ठरलेलं. त्याने यंत्र गळ्याला लावलं आणि म्हणाला, "या वर्षी पण... मी बोलणार." खिडकीशी पोरं गोळा झाली. एकाने नाक दाबून तसाच आवाज काढला, बाकीची खिदळली. मी त्यांना हाकललं. आणि मधूकडे न बघता म्हणालो, "या वेळी कार्यक्रम जरा आटोपशीर ठेवलाय रे. भाषणं कमी केलीत." वीस वर्षं जुन्या मित्राशी मी खोटं बोललो. पाहुणे येणार, पोरं हसणार, त्याची शोभा होणार, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर त्याच्या शेजारी व्यासपीठावर बसायला मला अवघड वाटत होतं. त्याने यंत्र खिशात टाकलं, माझ्या टेबलावरचा कागद ओढून त्यावर 'ठीक' असं लिहिलं, आणि गेला. यंत्र घरी जाऊन माळ्यावर पडलं. पुन्हा पाटी.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं. थंडीचे दिवस होते, दुपारची वेळ. त्या अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. मधू घरातून धडपडत बाहेर आला. गळ्याच्या भोकात कफाचा खडा अडकला होता आणि श्वास मिळत नव्हता. त्याने पाटीवर काहीतरी खरडलं आणि ती वहिनींपुढे धरली. वहिनी पाटीकडे बघत राहिल्या. त्याने पाटी हलवली, बोट आपटलं. त्याचे ओठ काळेनिळे पडत होते. वहिनी पाटी उचलून पळत सुटल्या. पहिलं घर बंद. दुसऱ्या घरात म्हातारी, तिलाही अक्षर ठाऊक नाही. तिसऱ्या घरी शाळेतून आलेल्या मुलीने वाचलं, 'कोमट मीठपाणी, चिमटा'. त्या परत धावत आल्या तेव्हा मधू उंबऱ्यात बसला होता. त्याने बोटाने, नखाने तो खडा स्वतःच उकरून काढला होता. छातीवरचा सदरा रक्ताने भिजलेला. जगला, तो केवळ योगायोगाने.

वहिनी दुसरी इयत्ता अर्ध्यात सोडून शेतावर गेलेल्या. तेव्हाचं जे काही येत होतं ते पुढे पुसून गेलं. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती. मधूचा आवाज घरात भरलेला असेपर्यंत हे कधी अडलं नाही, म्हणून त्याला दिसलंच नाही. मलाही नाही. त्या दिवशी त्याच्या छातीवरचं रक्त पुसता पुसता वहिनी पहिल्यांदा त्याच्यावर ओरडल्या, "अख्ख्या तालुक्याला शिकवलंत तुमी! बोटभर वाढा, बोटभर वाढा... आन मी काय कुडाला टांगलेलं सूप व्हते?" त्याच्याकडे उत्तर द्यायला आवाज नव्हता. "आवाज असता तरी काय बोलले असते ते?" वहिनी मला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधू माळ्यावर चढला आणि यंत्र काढून त्याने पुसलं.

हे ऐकून मी माफी मागायला गेलो. अंगणातच ती गुणगुण ऐकू आली. पडवीत दोघं समोरासमोर बसलेली, मधे बालवाडीतलं चित्रांचं पुस्तक. त्या यंत्रातून 'क' नीट निघत नाही, त्याचा 'ग' होतो. 'प'चा 'ब' होतो. मधू चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "गमळ." वहिनी चित्राकडे बघून म्हणाल्या, "अवं गमळ काय? कमळ. कमळातला क." त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा ग. "क," वहिनींनी त्याला खडसावून सांगितलं. मधूचे खांदे हलायला लागले. त्याचं हसणंही ऑपरेशनबरोबर गेलं होतं, आवाज येत नसे, नुसते खांदे हलत. आयुष्यभर चुका सुधारत आलेल्या माणसाची चूक त्याची बायको सुधारत होती, आणि तो हसत होता. मी मात्र पायरीवर बसून रडलो. "मधू, मी त्या दिवशी खोटं बोललो," मी म्हणालो. त्याने यंत्र गळ्याला लावलं. "ठाऊक आहे. घाबरलास तू." मग, "मी पण."

पुढच्या बक्षीस समारंभाला त्याचंच भाषण ठेवायचं, असं मी ठरवलं. पत्रिकेत नाव छापायलाही दिलं. पण त्याआधीच मानेच्या बाजूला नवी गाठ आली. किरणोपचारांनी कातडी इतकी भाजली की यंत्र टेकवता येईना. ते भाषण झालंच नाही. पोरांना काय सांगायचं त्याच्या मनात होतं, ते मी कधी विचारलं नाही, आणि नंतर विचारायची सोय राहिली नाही. गुणगुण थांबली तरी पडवीतला वर्ग थांबला नव्हता. तो शब्द लिही, वहिनी मोठ्याने वाचत. बरोबर असेल तर तो डोळे मिटे. चुकलं तर उघडे ठेवी. शेवटच्या महिन्यात 'पाणी', 'उशी', 'दुखतंय' आणि 'बस' एवढेच शब्द पाटीवर असत. वहिनींना ते चारही वाचता येत होते. त्यातला तिसरा वाचता आला नसता तर बरं झालं असतं, असं त्या मला एकदा म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी मृत्यूचा दाखला आणायला मी त्यांच्याबरोबर ग्रामपंचायतीत गेलो. कारकुनाने कागद माझ्या हातात दिला. "सर, एकदा नजर टाका." मी वाचायला लागणार तोच वहिनींनी हात पुढे केला. "भावजी, माझ्याकडं द्या." त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. जोडाक्षराशी अडखळत, मागे येऊन, पुन्हा लावत. "मृ...त्यू... प्रमाण...पत्र. मृ...ताचे नाव..." आणि थांबल्या. आमच्याकडे त्यांच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'अवं' आणि 'ह्यांनी' यावर पंचवीस वर्षं निघालेली. कारकुनाला वाटलं, वाचता येईना. तो मदतीला धावला, "वहिनी, मधु..." वहिनींनी हात वर करून त्याला थांबवलं.

"मला येतंय."

मग खाली बघून, एकेक अक्षर सुटं करत त्यांनी ते नाव घेतलं. मधुकर. त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. वहिनी अजून कागदाकडेच बघत होत्या. "भाऊ, ह्यात चूक हाय," त्या म्हणाल्या. "ध ला पहिला उकार पायजे. तुमी दुसरा काढलाय. त्यांनी मला पहिला शिकवलाय."

कारकून ओशाळून हसला. "चालतंय वहिनी. कोण बघतंय एवढं?"

"मी बघितला ना," वहिनी म्हणाल्या.

त्याने ड्रॉवरमधून नवा कागद काढला. लिहून होईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.